श्रोणि-अवयवभ्रंश : शस्त्रक्रिया व लैंगिक कार्य

स्त्रीच्या श्रोणीतील (ओटीपोटाखालील हाडांच्या पोकळीतील) गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय या अवयवांना आधार देणारे स्नायू, बंध व प्रावरणी सैल पडल्यामुळे हे अवयव योनिमार्गात किंवा त्याच्याबाहेर उतरतात. या विकृतीस श्रोणि-अवयवभ्रंश असे म्हणतात. बोलीभाषेत तिला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. सुश्रुतसंहितेतील वीस योनिव्यापदांत प्रस्रंसिनी या नावाने अशाच विकृतीचा उल्लेख आहे.

कारणे : वारंवार व कष्टाची प्रसूती हे प्रमुख कारण होय. ऋतुनिवृत्तीनंतर ऊतकांची होणारी झीज, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, स्थूलता व जड ओझी उचलणे यांमुळे विकृती वाढते. नासिक जिल्ह्यातील निफाडसारख्या द्राक्षे व कांदा पिकविणाऱ्या तालुक्यात शेतीची बरीच कामे स्त्रियाच करतात. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न घेता वाकून करावयाच्या वा ओझी वाहण्याच्या कामावर परतणाऱ्या स्त्रीच्या श्रोणितळावर अधिक ताण पडतो.

लैंगिक कार्यावरील परिणाम : भ्रंशामुळे समागम अशक्य होतोच असे नाही. वेदनेपेक्षा खाली काही उतरल्याची जाणीव, समागमाच्या वेळी लघवी होण्याची भीती आणि आपल्या शरीराविषयी वाटणारा संकोच हीच पुष्कळदा समागम टाळण्याची कारणे असतात. संकोचामुळे स्त्रिया हे दुखणे दीर्घकाळ लपवितात. राणी बंग, अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग असल्याचे दिसून आले. परंतु त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ही पाहणी भ्रंशापुरती मर्यादित नव्हती. तथापि न सांगितलेल्या दुखण्याची व्याप्ती तीवरून कळून येते.

शस्त्रक्रिया : सौम्य भ्रंशात श्रोणितळाचे व्यायाम व योनिमार्गात बसवावयाची पेसरी (आधारकडी) यांचा उपयोग होतो. त्रास अधिक असल्यास शस्त्रक्रिया करतात. मँचेस्टर शस्त्रक्रियेत गर्भाशय ग्रीवेचा भाग कापून बंध आखूड करतात. मुले झालेल्या व वय वाढलेल्या स्त्रियांत योनिमार्गे गर्भाशय काढून योनिभित्तींची दुरुस्ती करण्याची पद्धत रूढ आहे. ल फॉर यांनी १८७७ मध्ये वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत योनिमार्ग बहुतांशी बंद केला जातो व त्यानंतर योनिसमागम शक्य होत नाही. म्हणून ज्या स्त्रीला त्याची इच्छा नाही व जिने हा परिणाम समजून संमती दिली आहे, तिच्याच बाबतीत ती योग्य ठरते.

तरुण स्त्रियांत गर्भाशय राखणे आवश्यक असते. या क्षेत्रात मुंबईच्या शल्यविशारदांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. गोव्यात जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी मँचेस्टर शस्त्रक्रियेत बदल करून ग्रीवा न कापता गर्भाशय-त्रिक बंध ग्रीवेच्या पुढील बाजूस आणून बसविण्याची पद्धत काढली. गर्भाशयाची मागील बाजू पट्टीच्या साहाय्याने त्रिकास्थीशी बांधणारी त्यांची ‘झोळी’ शस्त्रक्रियाही प्रसिद्ध आहे. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या सरळ स्नायूच्या आवरणाच्या पट्ट्यांनी ग्रीवा पुढील बाजूस टांगण्याची पद्धत प्रचारात आणली. या पद्धतींत गर्भाशयाबरोबरच गर्भधारणेची क्षमताही राखता येते.

शस्त्रक्रियेनंतरचे लैंगिक कार्य : बाहेर आलेला भाग पूर्ववत बसला म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असा समज दीर्घकाळ होता. १९६१ मध्ये फ्रान्सिस व जेफकोट यांनी योनिमार्गावरील शस्त्रक्रियेनंतर समागम वेदनामय होत असल्याकडे लक्ष वेधले. मागील योनिभित्तीची दुरुस्ती करताना गुदोत्थापक स्नायू मध्यरेषेवर ओढून शिवल्यास, अथवा योनिभित्ती प्रमाणाबाहेर कापल्यास, योनिमार्ग अरुंद व आखूड होतो. यास्तव योनिमार्गाची पुरेशी रुंदी व लांबी राखणे हे शस्त्रक्रियेचे एक उद्दिष्टच मानले जाते. स्वतःच्या ऊतकांचा वापर करून केलेल्या दुरुस्तीनंतर बहुसंख्य स्त्रियांचे लैंगिक जीवन सुधारते किंवा पूर्वीइतकेच राहते. नव्याने वेदना सुरू होण्याचे प्रमाण सामान्यतः शंभरात दहाहून कमी असते. योनिमार्गातून बसविलेल्या कृत्रिम जाळीमुळे मात्र काही स्त्रियांना जाळी उघडी पडणे, तीव्र वेदना यांसारखे उपद्रव झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये भ्रंशासाठी अशा जाळ्यांची विक्री थांबविण्याचा आदेश दिला.

शस्त्रक्रियेनंतर साधारणतः सहा आठवडे समागम वर्ज्य करतात. ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रीस योनिमार्गाच्या कोरडेपणावर स्त्रीमदजन असलेले मलम योग्य प्रसंगी देतात. जड ओझी उचलण्याची मनाई काही महिने पाळावी लागते. शेतमजुरीवर पोट असणाऱ्या स्त्रीस हा सल्ला पाळता येण्यासाठी घरच्या माणसांचे साहाय्य लागते. म्हणून सुगीचे दिवस टाळून शस्त्रक्रियेची वेळ ठरविणे हिताचे असते.

शस्त्रक्रियेपूर्वी स्त्रीचे वय, अपत्ये, कामाचे स्वरूप व लैंगिक जीवनाविषयीची तिची इच्छा एकांतात विचारून घेणे आवश्यक असते. स्त्री मध्यमवयीन किंवा वृद्ध आहे एवढ्यावरून तिला या प्रश्नाचे महत्त्व नाही, असे वैद्याने अथवा कुटुंबियांनी गृहीत धरणे चुकीचे आहे. कोणती शस्त्रक्रिया करावी याचा निर्णय पुष्कळ अंशी तिच्या उत्तरावरच अवलंबून असतो.