बालेवाडीची एकेरी : क्रमवारीच्या शिडीवरील एक पायरी

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसचे वर्षभराचे वेळापत्रक ज्या संघटनेच्या हाती आहे, त्या ‘असोसिएशन ऑफ टेनिस प्रोफेशनल्स’ म्हणजे एटीपीने आपल्या मुख्य मालिकेतील स्पर्धांची प्रतवारी विजेत्याला मिळणाऱ्या गुणांवरून केली असून, तीत १०००, ५०० आणि २५० गुणांच्या तीन श्रेणी आहेत. यांपैकी तिसऱ्या श्रेणीतील ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ ही स्पर्धा पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात २०१८ ते २०२३ या काळात पाच वेळा झाली. २०२१ साली करोनाच्या साथीमुळे तिचे आयोजन झाले नाही. १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली आणि १९९७ पासून २०१७ पर्यंत चेन्नईत स्थिरावलेली ही स्पर्धा पुण्यात आली, तेव्हा दक्षिण आशियातील त्या दर्जाची ती एकमेव स्पर्धा होती, आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या संकुलाला तिच्यामुळे जागतिक टेनिसच्या नकाशावर स्थान मिळाले.

या स्पर्धेच्या एकेरीचा मुख्य ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, २८ खेळाडूंचा असे. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यातून एकजण बाहेर पडत असल्याने विजेता ठरेपर्यंत २७ सामने होतात; परंतु २८ ही संख्या दर फेरीला निम्मी होत एकावर येत नसल्यामुळे ड्रॉमध्ये ३२ जागा आखून त्यांतील चार रिकाम्या ठेवल्या जातात आणि पहिल्या चार मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. मानांकन म्हणजे स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूंपैकी क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या आठ जणांना दिलेला क्रम होय. पहिल्या मानांकिताला ड्रॉच्या अगदी वरची आणि दुसऱ्याला अगदी खालची जागा देऊन, तसेच उरलेल्या मानांकितांना ठरावीक जागांमध्ये चिठ्ठ्यांद्वारे वाटून, बलाढ्य खेळाडू आरंभीच एकमेकांसमोर येणार नाहीत अशी व्यवस्था केली जाते. मानांकन नसलेल्यांचे प्रतिस्पर्धी मात्र निव्वळ चिठ्ठीवर ठरतात.

या २८ जागांपैकी बहुतेक जागा काही आठवडे आधीच्या क्रमवारीनुसार भरल्या जातात, तीन जागा आयोजक आपल्या पसंतीने देतात, ज्यांना ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात, आणि चार जागा पात्रता फेरीतून येणाऱ्यांसाठी असतात. पात्रता फेरीत १६ खेळाडू असल्याने तेथील प्रत्येकाला मुख्य ड्रॉ गाठण्यासाठी दोन सामने जिंकावे लागतात. पुण्याच्या अर्जुन कढेला आणि २०२३ मध्ये जेमतेम १५ वर्षांच्या मानस धामणेला वाइल्ड कार्डमुळेच घरच्या प्रेक्षकांसमोर मुख्य ड्रॉमध्ये खेळता आले. तथापि, वाइल्ड कार्डाने प्रवेश मिळतो, गुण मिळत नाहीत, ही या रचनेतील सर्वांत निर्णायक बाब आहे. त्या काळच्या कोष्टकानुसार विजेत्याला २५०, उपविजेत्याला १५०, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ९०, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला ४५ आणि दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला २० गुण मिळत, तर मुख्य ड्रॉमध्ये थेट आलेला खेळाडू पहिल्याच सामन्यात हरल्यास त्याच्या खात्यात काहीही जमा होत नसे. हे गुणही ५२ आठवडेच टिकतात; पुढच्या वर्षी ते पुन्हा कमावले नाहीत, तर खेळाडू क्रमवारीत खाली घसरतो.

बालेवाडीच्या हार्ड कोर्टवर, म्हणजे कठीण पायावर ॲक्रिलिकचा थर दिलेल्या मैदानावर, झालेल्या पाचही अंतिम सामन्यांत चुरस होती, आणि त्यांपैकी चार तिसऱ्या सेटपर्यंत गेले. २०१८ मध्ये फ्रान्सच्या जिल सिमॉनने दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनला दोन सेटमध्ये नमवले. त्याच अँडरसनने पुढच्या वर्षी इव्हो कार्लोविचवर ७-६, ६-७, ७-६ अशी मात करून विजेतेपद मिळवले. सुमारे २.११ मीटर उंचीच्या, ३९ वर्षांच्या कार्लोविचची सर्व्हिस भेदणे कोणालाही अवघड होते, त्यामुळे तिन्ही सेट टायब्रेकरवर, म्हणजे ६-६ अशा बरोबरीनंतर सात गुणांच्या निर्णायक गेमवर, ठरावेत हे या लढतीच्या स्वरूपाला साजेसेच होते. २०२० मध्ये चेक प्रजासत्ताकाचा यिरी वेसेली आणि २०२२ मध्ये पोर्तुगालचा जुआंव सूझा विजयी झाला, तर २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरने पहिला सेट गमावूनही बेंजामिन बोन्झीला हरवून मुख्य मालिकेतील आपले पहिले विजेतेपद येथेच पटकावले.

या यादीत भारतीय नाव नाही, आणि त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, या पाच स्पर्धांत युकी भांब्री, रामकुमार रामनाथन आणि प्रज्ञेश गुणेश्वरन यांनी पहिल्या फेरीचे सामने जिंकले, तरी एकही भारतीय खेळाडू एकेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला नाही. दुहेरीत मात्र २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी, तर २०२२ मध्ये बोपण्णा आणि रामकुमार यांनी विजेतेपद मिळवले. हा फरक गुणवत्तेच्या अभावाने पुरता उलगडत नाही. एकेरीत वर चढण्यासाठी वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यांशी सामने खेळावे आणि जिंकावे लागतात, आणि एका आठवड्याची मोठी स्पर्धा अशा सामन्यांची उणीव भरून काढू शकत नाही.

ती उणीव भरून काढण्याचे काम एटीपीच्या मुख्य मालिकेखालील चॅलेंजर स्पर्धा करतात, ज्यांच्या विजेत्याला श्रेणीनुसार ५० ते १७५ गुण मिळतात. भांब्रीने नोव्हेंबर २०१७ मध्ये पुण्याचीच चॅलेंजर स्पर्धा जिंकली आणि एप्रिल २०१८ मध्ये तो ८३ व्या क्रमांकावर पोहोचला. प्रज्ञेश २०१८ मधील आन्निंग आणि बेंगळुरू येथील चॅलेंजर विजेतेपदांनंतर एप्रिल २०१९ मध्ये ७५ व्या स्थानी गेला. सुमित नागल फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून प्रथमच पहिल्या शंभरांत आला. पहिल्या शंभराचे महत्त्व केवळ मानाचे नाही, कारण ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या १२८ जणांच्या ड्रॉमध्ये १०४ खेळाडूंना क्रमवारीवरून थेट प्रवेश मिळतो, आणि तेथे पहिल्या फेरीतील पराभूतालाही मिळणारी रक्कम वर्षभराच्या प्रवासाचा व प्रशिक्षणाचा बराचसा भार उचलते.

२०२४ पासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील पुण्याची जागा हाँगकाँगच्या स्पर्धेने घेतली, आणि महाराष्ट्राच्या टेनिसरसिकांना त्याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने बालेवाडीत चॅलेंजर स्पर्धा चालू ठेवली, हे भारतीय एकेरीच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. २०२४ मध्ये ती जिंकणाऱ्या मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशरोने पुढच्याच वर्षी शांघायच्या १००० गुणांच्या स्पर्धेत पात्रता फेरीतून येऊन विजेतेपद मिळवले, यावरून या पायरीवरून किती उंच जाता येते हे स्पष्ट होते. मोठी स्पर्धा प्रेक्षक घडवते आणि मुलांच्या हाती रॅकेट देते. त्या मुलांतून एकेरीचा खेळाडू घडवायचा असेल, तर अशा चॅलेंजर स्पर्धा पुण्यात, मुंबईत आणि देशभर सातत्याने भरवल्या पाहिजेत.