पेण सापडते, रोहा का सापडत नाही?

समजा, रायगड जिल्ह्यातील दवाखान्यांची माहिती देणारे एक संकेतस्थळ आहे. सर्पदंश झालेल्या रुग्णाचे नातेवाईक त्यात 'पेण' शोधतात. 'पेणला प्रतिविष मिळेल' ही ओळ लगेच दिसते. 'रोहा' शोधल्यावर मात्र 'रोह्यात प्रतिविष मिळेल' ही ओळ दिसतच नाही.

कारण संगणकाला व्याकरण कळत नाही. जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत २०१५ पासून असलेली 'इन्क्लुड्स' ही आज्ञा एवढेच तपासते, की दिलेली चिन्हे मजकुरात त्याच क्रमाने, सलग आहेत का? 'पेणला'मध्ये 'पेण' अखंड आहे. 'रोह्यात'मध्ये 'ह'नंतर काना नाही. तिथे पाय मोडल्याचे चिन्ह आणि मग 'य' आहे. साखळी तिथेच तुटते.

मग नुसते 'रोह' शोधावे? तर रोह्याबरोबर रोहित, रोहिणी आणि गिर्यारोहणही हजर!

उपाय सोपा आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'रोहा' आणि 'रोह्या' ही दोन्ही रूपे तपासावीत. त्याहून चांगले म्हणजे गावाच्या नावासाठी वेगळा रकाना ठेवावा. नाहीतर औषध गावातच असते आणि पडदा सांगतो, 'काही सापडले नाही.'