अठरा ते तेवीस

जालन्यात खोली भाड्याने घ्यायला आलेल्या पोराला घरमालक पैशांचं नंतर विचारतो. आधी गाव कोणतं ते विचारतो. मग वडील काय करतात, मग इथं ओळखीचं कोण आहे. मोंढ्यात हमालीला आलेला, सळईच्या कारखान्यात लागलेला, आयटीआयला प्रवेश मिळालेला, पोलीस भरतीची तयारी करणारा, यांच्यापैकी कुणालाही या प्रश्नांवर अडखळावं लागत नाही. मंठ्याकडचं एखादं खेडं, कोरडवाहू शेती आणि नव्या जालन्यात राहणारा चुलतमामा एवढ्यावर काम भागतं. बालगृहातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाकडे मात्र तिन्हींची उत्तरं नसतात. आधार कार्डावर पत्ता संस्थेचा, आणि त्या पत्त्यावर आता राहता येत नाही. खरं सांगावं तर घरमालक 'उद्या कळवतो' म्हणतो. म्हणून बरीच मुलं खोटं गाव आणि खोटे वडील तयार ठेवतात.

या मुलांसाठी सरकारी व्यवस्था नाही असं कुणाला वाटेल, पण ती आहे. तिचं नाव अनुरक्षण. बाल न्याय अधिनियम 2015 मध्ये तिची व्याख्या आहे आणि कलम 46 मध्ये तरतूद आहे. अठरा वर्षं पूर्ण होऊन संस्था सोडणाऱ्याला समाजात स्थिर होण्यासाठी आर्थिक मदत देता येते. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनी ही साथ एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत नेली. संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने त्या मुलाच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा बालकल्याण समितीपुढे ठेवायचा. सहा ते आठ जणांच्या गटाला तात्पुरतं भाड्याचं घर, शिकताना विद्यावेतन, हाताला एखादं कौशल्य, आणि अडलं-नडलं विचारायला एक समुपदेशक, असा सगळा विचार त्यात केलेला आहे. मिशन वात्सल्य योजनेत यासाठी महिन्याला 4000 रुपये धरले आहेत. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातला साठ टक्के भार केंद्राचा आणि चाळीस राज्याचा. अंमलबजावणीसाठी जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, अध्यक्ष आणि चार सदस्यांची बालकल्याण समिती आहे. कागदावर ही यंत्रणा इतकी समजूतदार आहे की ती आखणारा माणूस कधीतरी स्वतः भाड्याची खोली शोधत फिरला असावा.

घोटाळा 'देता येते' या मोघमपणात आहे. बालगृहातल्या मुलाला जेवण देणं ही सरकारची जबाबदारी; अठरा पूर्ण झालेल्याला मदत करणं हा सरकारचा विचार. आदल्या दिवशी जो अधिकाऱ्यांच्या वहीतला मुलगा होता तो दुसऱ्या दिवशी अर्जदार होतो. अर्जदाराला अर्ज कुठे करायचा हे माहीत असावं लागतं.

शिवाय तो 'दुसरा दिवस' ठरतो कसा? फलाटावर, बसस्थानकावर सापडलेल्या लेकराची जन्मतारीख कुणाला ठाऊक असते? कायद्याचं कलम 94 सांगतं, शाळेचा दाखला पाहा, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, तोही नसेल तर हाडांची तपासणी करा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून टाकलेल्या पोरांची कमी नाही. हाडांच्या तपासणीतून निघणारं वय तर वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतं. घरात वाढणाऱ्याला अशी चूक निवृत्तीच्या वेळी आठवते. संस्थेतल्या मुलाचं मात्र याच अंदाजावर छप्पर अवलंबून असतं. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि कागदावरचे अठरा नोव्हेंबरात असंही होतं. समंजस अधीक्षक असले तर समितीकडून मुदत वाढवून घेतात. सगळे समंजस असतीलच असं नाही. आणखी एक विसंगती पाहा. एकवीस वर्षांखालच्या मुलाला लग्न करायला हाच कायद्याचा देश परवानगी देत नाही, संसार पेलण्याइतकी समज आली नाही म्हणून. एकट्याने घर मांडायला मात्र अठरा पुरेसे.

संस्था सोडल्यावर पुढे काय, हा प्रश्न नवा आहे असं मानायचं कारण नाही. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने 1954 मध्ये नेमक्या याच विषयावर सल्लागार समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते डॉ. मा. स. गोरे, जे पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होतं आणि जिल्हा व्हायला सत्तावीस वर्षं बाकी होती. म्हणजे जालना जिल्ह्याच्या जन्माआधीपासून ही फाइल चालू आहे.

महाराष्ट्राने या फाइलीत स्वतःचं म्हणून एक पान जोडलं, त्याची हकीगत मोठी विलक्षण आहे. अमृता करवंदे गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढल्या. अठरा झाल्यावर पुण्याला आल्या, मिळेल ते काम करत शिकल्या आणि 2017 च्या सुमारास राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसल्या. गुण चांगले पडले, पण महिलांसाठीच्या राखीव जागेला नॉन-क्रीमी लेअरचा दाखला हवा होता. तो आई-वडिलांच्या उत्पन्नावरून मिळतो. ज्यांना आई-वडीलच नाहीत त्यांचं उत्पन्न कुठून आणायचं? दाखला नाही म्हणून त्या आपोआप सधनांच्या रांगेत गेल्या. हे प्रकरण तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापर्यंत पोहोचलं, जानेवारी 2018 मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, आणि 2 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयाने अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत खुल्या प्रवर्गातून एक टक्का समांतर आरक्षण मिळालं.

आणि मग अनाथ कोण, यावर घोळ सुरू झाला. पहिल्या निर्णयाची अट अशी की कागदपत्रांत जातीचा उल्लेख नको आणि आई-वडील, काका, आजी-आजोबा यांपैकी कुणाचीही माहिती उपलब्ध नको. एखाद्या मुलीचे आई-वडील दोघेही वारले, चुलत्याने तिला संस्थेच्या दारात सोडलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही, तर ती या अटीत बसत नव्हती. चुलत्याचं नाव वहीत होतं ना! नातं नावापुरतं असलं तरी ते तिला महागात पडत होतं. ऑगस्ट 2021 मध्ये व्याख्या रुंदावली, आरक्षण एकूण पदांच्या प्रमाणात धरलं गेलं आणि अनाथांच्या तीन वर्गवाऱ्या झाल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आई-वडिलांनी सोडून दिलेल्या मुलांना अनाथांपेक्षा वेगळं मानता येणार नाही असं बजावलं. ते प्रकरण न्यायालयात नेलं होतं नेस्ट इंडिया फाउंडेशनने. त्याच वर्षी 6 एप्रिलला नवा शासन निर्णय आला आणि तीनच्या जागी दोन वर्ग उरले, संस्थात्मक आणि संस्थाबाह्य. पाच वर्षांत तीन व्याख्या. जुलै 2024 च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ झालं; मुलींसाठीच्या त्या सवलतीत अनाथ मुलांनाही घेतलं हे विशेष.

या सगळ्याची किल्ली म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. जालन्याच्या मुलाचा प्रस्ताव जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून विभागीय उपायुक्तांकडे छत्रपती संभाजीनगरला जातो. अंतर साठेक किलोमीटर, एसटीने दीड-दोन तास. कागदाला जास्त लागतात. मूल संस्थेत असतानाच हे काम उरकलं पाहिजे, कारण तेव्हा वह्या, समितीचे आदेश, दाखल झाल्याची नोंद, सगळं एका कपाटात असतं आणि विचारायला अधीक्षक असतात. बाहेर पडल्यावर तोच मुलगा आपल्या लहानपणाचे पुरावे गोळा करत फिरतो. मधल्या काळात एखादी संस्था बंद पडलेली असली तर कपाटही सापडत नाही.

जालना जिल्ह्यात या विषयाचा परीघ बालगृहाच्या भिंतींपुरता नाही. दिवाळीच्या आसपास इथल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा इथं तोडून सरपणाला गेल्या. आत्महत्येने, आजाराने, अपघाताने बाप गेलेली आणि आजीपाशी राहिलेली लेकरं गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिला आता सावित्रीबाईंचं नाव दिलं आहे, 2023 पासून महिन्याला 2250 रुपये मिळतात. तेही अठराला थांबतात. संस्थेतल्या मुलाचं छप्पर जातं, आजीपाशी राहणाऱ्याचे पैसे. दुसऱ्याला निदान भाकरी तरी मिळते, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

सरकारला हे कळत नाही असंही म्हणता येत नाही. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्यांसाठी 29 मे 2021 रोजी पीएम केअर्स योजना जाहीर झाली. तिच्यात अठरा ते तेवीस दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये आहेत. राज्याने पाच लाखांची मुदत ठेव वेगळी दिली. योजना उत्तमच. तेविसाव्या वर्षापर्यंत पोराला आधार लागतो हे ती आखणाऱ्यांनी नेमकं ओळखलं. मग विषाणूने आई-बाप गेले तर एक हिशेब आणि विहिरीत उडी घेऊन गेले तर दुसरा, हे का?

अठराची रेघ मुळीच न मानणारी माणसंही महाराष्ट्रात आहेत. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर हे त्यांतलं सगळ्यात हट्टी नाव. बेवारस, मतिमंद, मूकबधिर, अंध अशा 123 मुलांच्या कागदांवर त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. अपंग अनाथाला अठरानंतर काढून कुठे पाठवायचं, असा त्यांचा सरकारला जुना सवाल. या मुलांना कायमचं संस्थेत राहू देणारा कायदा करा ही मागणी ते 2024 च्या पद्मश्रीनंतरही सोडत नाहीत. जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडलेली अंध माला पापळकर याच वझ्झरला वाढली आणि मे 2024 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठराव्या वर्षी तिला कुणी निरोप दिला असता तर? मराठवाड्यातच, लातूरच्या हासेगावला रवी बापटले यांचं सेवालय आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचं ते घर. मुलं मोठी झाली तेव्हा त्यांच्यासाठी बापटल्यांनी हॅपी इंडियन व्हिलेज नावाची वस्तीच उभी केली.

या माणसांबद्दल आदर आहेच, तरी एक खटकतं. शंकरबाबांनी ऐंशी ओलांडली. एका माणसाच्या आयुष्याला टांगलेली व्यवस्था त्या माणसाएवढीच टिकते. आणि अशी माणसं तालुक्याला एक या हिशेबाने जन्माला येत नाहीत.

मुलींचं थोडं वेगळं लिहायला हवं. मुलगा अठराचा झाला की त्याला काम शोधतात, मुलगी झाली की स्थळ. संस्थेच्या लेकींची लग्नं मंत्री, जिल्हाधिकारी कन्यादान करून लावतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात, वऱ्हाडाला सगळं गाव लोटतं. सोहळा मनापासून असतो यात शंका नाही. पण नवऱ्याशी बिनसलं तर ही मुलगी चार दिवस कुठे राहणार? माहेर म्हणजे लग्नातला मांडव नव्हे. भांडून आल्यावर दार उघडणारं घर. अनुरक्षणाच्या आराखड्यात लग्नाचा रकाना असावा, पण सगळ्यात वर नसावा असं मला वाटतं.

जालन्याला हे जमणार नाही असं नाही. शहरात भंगारापासून सळई बनवणारे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, आयटीआय आहे, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आलं आहे. सहा-आठ पोरांना दोन खोल्या घेऊन द्यायला मोठा निधी लागत नाही. घरमालकाशी बोलायला, बँकेत सोबत यायला, ताप आला तर दवाखान्यात न्यायला एक जाणता माणूस लागतो, आणि तो पगारी असावा, कारण निव्वळ दयेवर पाच वर्षं कुणी फोन उचलत नाही. या कामाला चार वर्षांपूर्वी संस्थेतून बाहेर पडलेला, आता कारखान्यात फिटर असलेला मुलगा कुठल्याही पदवीधरापेक्षा उजवा ठरेल. तर्पण फाउंडेशनसारख्या संस्था अठरापुढच्या अनाथांसाठी राज्यात काम करतात. जिल्हा कक्षाने त्यांच्याशी सांधा जुळवला तर सुरुवात कोऱ्या पाटीवरून करावी लागणार नाही.

राज्य लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत अनाथ उमेदवारासाठी कमाल वय 43 छापलेलं असतं. अनुरक्षणाचे 4000 रुपये फार तर तेविसाव्या वर्षी थांबतात. मधली वीस वर्षं अभ्यासिकेची फी, खोलीचं भाडं आणि दोन वेळचा डबा कसा भागवायचा, ते उमेदवाराने पाहायचं आहे.