उलटलेली स्नोमोबाइल आणि सांडणारे तेल

कॅनडातील रेव्हलस्टोकच्या उतारावर, कंबरभर भुसभुशीत हिमात उताणी पडलेली आपली फोर-स्ट्रोक स्नोमोबाइल सरळ करताच एक स्नेही लगेच किल्ली फिरवू लागले, तेव्हा मी त्यांचा हातच धरला.

कारण असे: टू-स्ट्रोकमधले तेल इंधनासवे जळून जाते. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र त्याचा साठा कायम राहत असल्यामुळे, यंत्र उलटताच ते ब्रीदरच्या (इंजिनातील वायू बाहेर सोडणाऱ्या) नळीवाटे एअरबॉक्समध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पेटीत, उतरते, आणि तेथून सिलिंडरात शिरलेच, तर, द्रव दाबला जात नसल्याने, कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत मजल जाते.

बंदोबस्त म्हणून नळीत, गाडी उलटताच मिटणारी झडप किंवा वाटेत तेल धरणारी छोटी टाकी बसवावी. परंतु तेल खुणेच्या वर कदापि न भरणे, हा बिनखर्ची उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गाडी पडलीच, तर इंजिन तत्काळ बंद करून, एअरबॉक्स पुसून, तेलाची पातळी पाहावी. सिलिंडरात तेल गेल्याचा संशय असल्यास स्पार्क प्लग काढून मगच इंजिन फिरवावे.