मेजाचे पाय

काचीगुड्याच्या आमच्या घरात तीन पिढ्या पाटावर जेवल्या. गेल्या श्रावणात मात्र एके दुपारी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने उठण्यासाठी भिंतीला हात टेकला, आणि तिला उठताच येईना. दोघांनी धरून उभे केले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अरे, उद्यापासून माझे ताट माझ्या खोलीत देत जा." आईने एकटीने जेवायचे ही कल्पना घरात कोणालाच सोसवेना. स्वयंपाकघरात मेज करायचे ठरले.

लाकडाची चिंता नव्हती. माळा काढला तेव्हाच्या सागवानी फळ्या जपून ठेवल्या होत्या. प्रश्न उरला तो आकाराचा. फलकनुमा राजवाड्यातले एकाच वेळी १०१ माणसे जेवू शकतील असे मेज पाहिल्यापासून या विषयात आपल्याला काही कळते, अशी माझी समजूत होती! मी हौसेने आकृती काढली. वरचा तक्ता ५ फूट लांब, ३ फूट रुंद. खाली दोन टोकांना एकेक खांब, आणि खांबाच्या बुडाशी आडवी बैठक. ही बैठक मी १६ इंच धरली. कागदावर ती फार नाजूक दिसत होती.

मिस्त्रींनी कागद पाहिला आणि मान हलवली. अंगणात दोन विटा जवळजवळ मांडून त्यांवर एक फळी ठेवली, आणि तिची कड मला दाबायला लावली. फळी तत्काळ उलटली. "ऐसा नक्को साब," ते म्हणाले, "अम्मा हात टेके तो मेज पल्टी मारती."

रात्री मी शाळेत शिकलेला तरफेचा नियम आठवून हिशेब केला. मेजाचे वजन ४० किलो धरा. ते मधोमध एकवटले आहे असे माना. बैठक १६ इंच, म्हणजे तिचे टोक मध्यापासून ८ इंचांवर, आणि तक्त्याची कड त्या टोकाच्या १० इंच बाहेर. ४० ला ८ ने गुणून १० ने भागले की येतात ३२ किलो. कडेवर याहून जास्त भार पडला की मेज कलंडणार. गुडघे दुखणारे माणूस उठताना तेवढा भार सहज टाकते. तीच बैठक २८ इंच केली, तर टोक मध्यापासून १४ इंचांवर जाते, कड अवघी ४ इंच बाहेर राहते, आणि कलंडण्यास १४० किलो लागतात.

मग पुरी ३६ इंचच का नको? आपल्या चौरंगाचे पाय कोपऱ्यांतच असतात. पण चौरंगापाशी कोणी पाय खाली सोडून बसत नाही. मेजाची बैठक कडेपर्यंत आली, तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाची बोटे ठेचाळतात. शेवटी २८ वरच एकमत झाले. खांब दोन्ही टोकांपासून १० इंच आत घेतले. मध्ये ४० इंच मोकळे राहिले, त्यात दोन खुर्च्या मावतात. आमची शहाबादी फरशी जरा खालीवर आहे, म्हणून मिस्त्रींनी बैठकीचा तळ मध्यभागी रंध्याने किंचित पोकळ केला. त्यामुळे जमिनीला टेकतात ती फक्त चार टोके; तेवढ्यांनाच पाचर लावून डुगडुग काढता आली.

उंचीसाठी त्यांनी आईलाच स्टुलावर बसवले आणि तिच्या गुडघ्यापाशी पट्टी धरली. बाजारात मेज ३० इंचांचे आणि खुर्ची १८ इंचांची मिळते. त्या खुर्चीवर आईचे पाय लोंबकळले असते. तिची खुर्ची १६ इंचांची झाली, मेज २८ इंचांचे. दोहोंतले १२ इंचांचे अंतर मात्र कायम ठेवले, कारण घास उचलणारा हात त्याच अंतराला सरावतो.

पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर आईने दोन्ही तळवे कडेवर टेकले. आम्ही सारे श्वास धरून पाहत होतो. मेज हलले नाही. ती आपली आपण उठली, हात धुऊन आली आणि सुनेला म्हणाली, "पाट मात्र अडगळीत टाकू नका हो. सणाला लागतील."

माझी १६ इंचांची आकृती अजून कपाटात आहे. ती काढताना मी मेजाकडेच पाहिले होते. त्याला टेकून उठणारीकडे पाहायचे राहून गेले होते.