फुलरीनच्या द्रावणातील प्रकाशमर्यादन

सामान्य द्रावणातून प्रकाश पाठविला असता त्याचा ठराविक अंश शोषिला जातो व उरलेला बाहेर पडतो. प्रकाश मंद असो वा प्रखर, हे प्रमाण बदलत नाही. लेसरच्या प्रखर स्पंदांच्या बाबतीत मात्र हा नियम ढळतो. फुलरीनचे टोल्यूइनमधील जांभळे द्रावण हे त्याचे ठळक उदाहरण होय.

सी-६० या फुलरीनच्या रेणूत कार्बनचे ६० अणू असतात. कोल्हापूरच्या मैदानांवर पिढ्यान् पिढ्या खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलच्या परिचित शिवणीप्रमाणे त्यांची रचना १२ पंचकोन व २० षट्कोन यांची असते. हा रेणू १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना आढळला. तो पुरेशा प्रमाणात तयार करण्याची रीत क्रेचमर व हफमन यांनी १९९० मध्ये दिली. १९९२ मध्ये टट व कॉस्ट यांनी ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचे, ८ नॅनोसेकंदांचे स्पंद वापरून असे दाखविले की, आपाती ऊर्जा वाढवीत नेली तरी द्रावणातून बाहेर पडणारी ऊर्जा एका मर्यादेपुढे फारशी वाढत नाही. नेत्र व संवेदक यांच्या रक्षणासाठी हा गुण मोलाचा आहे.

याचे कारण रेणूच्या अवस्थांत आहे. मूलस्थितीतील रेणू हिरवा प्रकाश अल्प प्रमाणात शोषितो. उत्तेजित झालेला रेणू सुमारे सव्वा नॅनोसेकंदात त्रिक अवस्थेत उतरतो. ही अवस्था स्पंदाच्या मानाने दीर्घकाळ टिकते आणि तीतील रेणू तोच प्रकाश कितीतरी अधिक शोषितो. अशा रीतीने स्पंदाचा अग्रभाग आपल्याच उत्तरभागाची वाट अडवितो.

परंतु एवढ्याने स्पष्टीकरण पुरे होत नाही. इंदूर येथील प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील मिश्रा, रावत, जोशी व मेहेंदळे यांनी १९९४ मध्ये या द्रावणातील अरेखीय प्रकीर्णनाच्या वाट्याकडे लक्ष वेधले. शोषित ऊर्जेने द्रावक स्थानिक रीत्या तापतो, त्याचा वक्रीभवनांक विषम होतो आणि प्रकाश इतस्ततः विखुरतो. शोधकापुढील छिद्र लहान असल्यास हा विखुरलेला प्रकाशही शोषिला गेला असे भासते आणि शोषणाचा गुणांक वास्तवाहून मोठा निघतो.

म्हणून पारगमन घटले एवढ्यावरून शोषण वाढले असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. निर्गत प्रकाश रुंद भिंगाने गोळा करावा, बाजूस विखुरणारा प्रकाश स्वतंत्रपणे मोजावा आणि शुद्ध टोल्यूइनवर तोच प्रयोग करून पाहावा. या तीन नोंदी हाती आल्यावरच मिळालेला गुणांक रेणूचा की तापलेल्या द्रावकाचा, हे निश्चित सांगता येते.