दसऱ्याची पाटी आणि पहिले अक्षर

विद्यारंभ, म्हणजे मुलाच्या हातून पहिले अक्षर काढून घेण्याचा संस्कार, परंपरेने साधारणतः पाचव्या वर्षी सांगितलेला असला, तरी बारामती-इंदापूरकडे, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, त्याचे घरोघरी दिसणारे रूप म्हणजे दसऱ्याचे पाटीपूजन होय. पाटीवर एकाचे आकडे, काही उभे तर काही तिरपे, ठरावीक मांडणीने रचून सरस्वतीची आकृती काढतात आणि तिला हळदकुंकू, झेंडूची फुले व आपट्याची पाने वाहतात. अंकांतूनच देवीचे रूप साकारावे, ही कल्पना विलक्षण सुंदर आहे. ज्यांची शाळा अजून सुरू व्हायची आहे, त्यांचे बोट धरून ताटातल्या तांदळावर ‘श्री’ गिरवून घेतात. पूर्वी पंतोजींच्या शाळेत अक्षरे धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, गिरवली जात. ज्या बारामतीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने आर्या रचल्या, तेथे अक्षराचा हा मान विशेष शोभून दिसतो. अक्षरारंभ देवळातच व्हावा अशी इच्छा असणारी मराठी कुटुंबे, विशेषतः नांदेडकडची, वसंतपंचमीला तेलंगणातील गोदावरीकाठच्या बासर येथे ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात जातात आणि तेथे पुजारी मुलाचा हात धरून पाटीवर अक्षरे काढून घेतात.